जर्मनमधी गिफ्ट म्हंजे विष अन् स्वीडनमधी लग्न झालेला, हा एकच शब्द हाय का वेगवेगळे?

वावरातला_वाचक · कळंब, जि. यवतमाळ

रामराम मंडळी. प्रश्न थोडा बिनकामाचा हाय, पण डोक्यातून निघून नाई राहिला म्हणून इथं टाकतो. माही भाची नर्सिंग करून आता नागपूरले जर्मनचा क्लास करते. 2024 मधी आपल्या सरकारनं जर्मनीतल्या त्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यासोबत तिकडं कामाले मानसं पाठवायचा करार केला तवापासून आमच्या भागातले बरेच पोट्टे-पोट्ट्या ह्या नादी लागले. तर ते सुट्टीत घरी आली, सपरीत पऱ्हाटीवर मारायच्या औषधाचा डब्बा ठेवेल होता, त्याच्यावरचा लाल तिकोन पाह्यला अन् मने मामा, जर्मन मानूस ह्याले गिफ्ट म्हंते. मले वाटलं मस्करी करून राहिली. तर नाई, खरंच जर्मनमधी गिफ्ट म्हंजे विष.

वरून तिच्या क्लासातल्या एका पोट्टीचा भाऊ स्वीडनले हाय, तो सांगे का तिकडं तुम्ही 'गिफ्ट' हाय म्हटलं का तुमचं लग्न झालेलं हाय असं समजते. अन् इंग्रजीत तर आपल्याले माहीतच हाय, बड्डेले देते ते.

आता ह्या तिन्ही भाषा एकाच खानदानातल्या हाय म्हंते, मंग असं कसं? योगायोग हाय का मूळ एकच? अन् मूळ एक असन तर भेटीचं विष कसं काय झालं बाप्पा? यूट्यूबवर पाह्यलं तर नुसते हसायचे रील येऊन राहिले, कोणी नीट काही सांगत नाई. इथं भाषेतले जाणकार हाय म्हणून विचारलं. शुद्ध मराठीत सांगतलं तरी चालते, मी समजून घेईन.

वेलांटी_मास्तर · अमरावती

भाऊ, मूळ एकच आहे. इंग्रजीत 'गिव्ह', जर्मनमध्ये 'गेबेन', ह्या देण्याच्या क्रियापदाच्या मागे त लागून जे नाम तयार झालं ते गिफ्ट. म्हणजे नुसतं 'देणं'. इंग्रजीत ड्राइव्हचं ड्रिफ्ट होते तसंच गिव्हचं गिफ्ट. हजार-बाराशे वर्षं मागे गेलं तर जर्मनमध्येसुद्धा गिफ्टचा अर्थ देणगी, दान असाच होता, विषाचं नाव नव्हतं.

विष आलं वैद्यांच्या वाटेनं. ग्रीकमध्ये 'दोसिस' म्हणजे देणं, त्यातून वैद्य रोग्याला मोजून देतो ती मात्रा. तोच शब्द लॅटिनमधून फिरत फिरत डोस होऊन आपल्याकडे आला अन् पोलिओच्या बूथपासून सासऱ्याच्या उपदेशापर्यंत सगळीकडे रुळला. जर्मन लोकांनी ह्या दोसिसचा आपल्या भाषेत सरळ तर्जुमा केला, देणं म्हणजे गिफ्ट. आता मात्रा औषधाची असते तशी कोणाचा काटा काढायची पण असते, आणि अशा वेळी कोणी उघड नाव घेत नाही. आपल्याकडे बायका कुजबुजतात ना, 'तिनं त्याले काहीतरी देलं असन'. काय देलं हे कोणी विचारत नाही. ज्याला समजायचं त्याला समजते. जर्मनमध्ये हे इतकं चाललं की शब्द झाकायला घातला होता तोच विषाचं नाव होऊन बसला, आणि भेट द्यायला त्यांना दुसरे शब्द शोधावे लागले. लिंगसुद्धा बदललं. देणगीवाला गिफ्ट स्त्रीलिंगी होता, विषवाला आता नपुंसकलिंगी आहे, 'दास गिफ्ट'.

जुना अर्थ एका कोपऱ्यात मात्र टिकला. 'मिटगिफ्ट' असा शब्द आहे, मिट म्हणजे सोबत, सोबत दिलेलं, अर्थात हुंडा. आणि तो अजूनही स्त्रीलिंगीच.

आता स्वीडनची गोष्ट. स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश ह्या तिन्हीत गिफ्ट म्हणजे विवाहित, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'दिलेली'. आपल्याकडे लग्नघरी पहिला प्रश्न काय असते, 'तुमची मोठी कुठं देली?' नुसतं देली म्हटलं की लग्न आलंच त्यात. तसंच त्यांचं. आधी पोरगी द्यायची म्हणून हा शब्द, मग तोच नवऱ्यालाही चिकटला, आता तिकडे कोणीही गिफ्ट असू शकते.

आणि इंग्रजीवाले स्वतःला वेगळे समजत असतील तर त्यांच्या जुन्या भाषेत हा शब्द 'यिफ्ट' असा म्हणत आणि अर्थ होता नवऱ्याकडून वधूसाठी मोजलेली रक्कम. अनेकवचन केलं की सरळ लग्न. आज ते कडक ग लावून गिफ्ट म्हणतात ती डेन्मार्क-नॉर्वेकडून इंग्लंडात येऊन वसलेल्या वायकिंग लोकांची देण आहे.

डच लोकांनी मध्यला मार्ग काढला. देणगीला गिफ्ट ठेवलं, विषाला शेवटचा त काढून टाकला. मिटला विषय.

ठेचा_भाकर · मूर्तिजापूर

म्हंजे जर्मनीत हुंडा = सोबत देलेलं विष 😂 पोरीच्या बापाले विचारा, भाषांतर एकदम करेक्ट हाय

वावरातला_वाचक

मास्तर लय बेस सांगतलं. पण एक अडकलं. स्वीडनमधी विषाले काय म्हंते मंग? अन् तिकडं लग्नाचा अन् विषाचा घोळ होत नाई का?

वेलांटी_मास्तर

विषालापण गिफ्टच म्हणतात, खरंच. लग्नवाला त्यांचा घरचा, विषवाला नंतर जर्मनांकडून आलेला. स्पेलिंग तेच, आणि स्वीडिशमध्ये दोन्हीचा उच्चार 'यिफ्ट', कणभर फरक नाही. घोळ होत नाही कारण एक विशेषण आहे आणि एक नाम आहे. आपण 'कर' म्हटलं तर सरकारचा टॅक्स, हात, की काम कर, ह्यात आपला तरी कुठे घोळ होतो. त्यावर नवरा-बायकोचे विनोद मात्र तिकडे ढीगभर.

नाइट_शिफ्टवाली · मूळ साकोली, सध्या जर्मनी

दादा तुमच्या भाचीला सांगा की क्लासमध्ये ह्या शब्दावर सगळे एकदा हसतात आणि मग तो विषय संपतो, पण वॉर्डात आल्यावर हा शब्द रोज भेटतो, म्हणून आत्ताच सगळी फॅमिली पाठ करून ठेव म्हणा. 'फेरगिफ्टुंग' म्हणजे विषबाधा. 'ब्लुटफेरगिफ्टुंग' म्हणजे रक्तात विष, आपण सेप्सिस म्हणतो ते, पेशंटचे नातेवाईक हाच शब्द वापरतात, सेप्सिस कोणी म्हणत नाही. खाण्यातून झाली तर 'लेबन्समिटलफेरगिफ्टुंग', हा एका श्वासात म्हणता आला की समजायचं आता जर्मन जमायला लागली. लहान पोरानं घरातलं काही पिलं तर फोन करायची जी हेल्पलाइन असते तिचं नाव 'गिफ्टनोटरूफ'. आपल्या कानाला ते गिफ्टच्या दुकानासारखं वाटते आणि इकडे आईबापाचं काळीज तोंडात आलेलं असते.

आणि मास्तरांनी दोसिसचं सांगितलं ना, ते वाचून मी एकदम थांबलीच, कारण इथं औषधाच्या मात्रेला आजही 'डोझिस' म्हणतात. म्हणजे मूळ ग्रीक शब्दही वॉर्डात आहे आणि त्याचं भाषांतर म्हणून आलेला गिफ्टही वॉर्डात आहे, एक चार्टवर आणि एक टॉक्सिकॉलॉजीत. इकडे एक वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असते, 'डी डोझिस माख्ट दास गिफ्ट', मात्रा ठरवते विष आहे की नाही. पॅरासेल्सस नावाच्या 16 व्या शतकातल्या वैद्याच्या लिखाणावरून ते आलं. मी कितीदा ऐकलं असेल, पण ह्यातले डोझिस आणि गिफ्ट मुळात एकाच अर्थाचे आहेत हे आज समजलं.

मास्तर एक विचारू का, इथं जखमेतल्या पूला 'आयटर' म्हणतात. एक म्हातारे पेशंट म्हणाले की पूर्वी हा शब्द विषासाठी होता. खरं आहे का?

वेलांटी_मास्तर

ताई, म्हाताऱ्यानं बरोबर सांगितलं. जर्मानिक, म्हणजे जर्मन, इंग्रजी, स्वीडिश ज्या खानदानातल्या आहेत त्या भाषांचा विषासाठी अस्सल घरचा शब्द तोच. जुन्या इंग्रजीत तो 'आतोर' होता, आणि कोळ्याला काही बोलींत 'अॅटरकॉप' म्हणत, त्यातला अॅटर तोच. आइसलँडमध्ये आजही विष म्हणजे 'एइतुर'. जर्मनमध्ये मात्र गिफ्टनं त्याची जागा घेतली आणि तो बिचारा घसरत घसरत जखमेतल्या पूपर्यंत आला.

बीबियाणे_खते_औषधे · दारव्हा

मी कृषी केंद्र चालवतो, रोज हाच माल विकतो म्हणून बोलतो. तुम्ही जर्मन लोकाइले नवल करून राहिले, पण आपण काय म्हणतो ते पहा ना. माह्या दुकानात येणारा एकही शेतकरी विष द्या म्हणत नाई, कीटकनाशक द्या तर त्याहून नाई म्हणत. तो म्हंते बोंडअळीचं औषध द्या. पाटीवरपण औषधेच लिहिलं हाय. अन् गावात कोणाचं वाईट झालं तर बातमी अशीच येते का अमक्यानं औषध घेतलं. त्याच्यापुढं कोणी काही विचारत नाई, सगळे सरळ दवाखान्याकडं पळते. तापाचं औषध घेतलं का फवाऱ्याचं हे आवाजावरून समजते. आता सांगा, हे त्या दोसिसवाल्या गोष्टीहून वेगळं हाय का?

अन् हे नुसतं गमतीचं नाई. 2017 ले आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर मानसं गेली, शेतकरी होते, शेतमजूर होते. तवापासून मास्क घ्या, हातमोजे घ्या, वाऱ्याच्या उलट दिशेनं मारू नका हे मी प्रत्येकाले सांगतो, तर समोरचा म्हंते, औषधच तर हाय भाऊ. डब्ब्यावर तिकोन असते, लाल म्हंजे सगळ्यात जहाल, मंग पिवळा, निळा, हिरवा. लाल अन् पिवळ्यात इंग्रजीत पॉयझन असं छापेल असते. पण तोंडात औषध हाय ना, तिकोन कोण पाह्यते. माहं मत विचारान तर जर्मनाइनं विषाले गोड नाव देलं पण निदान आता त्याचा अर्थ विषच राह्यला, आपलं औषध अजून दोन्हीकडं हाय, अन् ते जास्त धोक्याचं हाय.

वेलांटी_मास्तर

हे मला सुचायला पाहिजे होतं, तुम्ही सांगितलं. ह्याच्याहून चांगलं उदाहरण कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. तुमच्या डब्ब्यावरच्या 'पॉयझन'चीही तीच कथा. तो लॅटिन 'पोतिओ'पासून आला, अर्थ फक्त पेय, घोट. फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता घोटाचं विष झालं. आणि त्या पोतिओच्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतातला पा, म्हणजे आपलं पिणं. 'औषध पेला' म्हणणारा माणूस आणि पॉयझन म्हणणारा इंग्रज एकाच बोळीतून निघाले म्हणा.

अभिमानी_वर्धेकर

एवढं कशाला फिरवता. देणे हा संस्कृत दा धातू आहे, गिव्ह त्याचाच अपभ्रंश. सगळ्या युरोपियन भाषा संस्कृतच्या लेकी आहेत हे इंग्रजांनीच मान्य केलं आहे, विल्यम जोन्स वाचा.

वेलांटी_मास्तर

जोन्स जरूर वाचा. 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत ते बोलले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका समान मुळातून निघालेल्या दिसतात आणि ते मूळ कदाचित आता शिल्लकही नसेल. म्हणजे बहिणी म्हणाले, मायलेकी नाही म्हणाले.

गिव्ह आणि दा ह्यांचा संबंध नाही. दाचे खरे नातेवाईक म्हणजे तो ग्रीक दोसिस, आणि लॅटिनकडून आलेले डोनेशन, डेटा. जर्मानिक लोकांनी देण्यासाठी दुसराच धातू धरला. तुम्हाला घरचं नातं पाहिजेच असेल तर आपलं विष आणि लॅटिन 'व्हायरस' घ्या, ते सख्खे आहेत, लॅटिनमध्ये व्हायरसचा अर्थ विषारी रस असाच होता, जंतू नंतर आले.

नुसतं दिसण्यावर जाऊ नका म्हणून अजून एक देतो, शेतकऱ्यांना आवडेल असं. इंग्रजीत 'मिस्ट' म्हणजे धुवारी, आपल्या तुरीचा फुलोरा जाळते ती. जर्मनमध्ये मिस्ट म्हणजे शेणखत. 'मिस्टहाउफेन' म्हणजे उकंडा. अक्षर न् अक्षर सारखं, म्हणून वाटेल की सकाळी उकंड्यातून वाफ निघते त्यावरून आलं असेल. पण हे दोन शब्द गिफ्टसारखे एका घरातले नाहीतच. इंग्रजी मिस्टचा नातेवाईक आपला मेघ आहे. जर्मन मिस्टचा नातेवाईक संस्कृत 'मेहति', म्हणजे लघवी करणे, ज्यातून प्रमेह, मधुमेह आले. संस्कृतनं घ आणि ह वेगळे ठेवले म्हणून आपल्याला मेघ आणि मेह वेगळे दिसतात, तिकडे दोन्हीचा चुरा होऊन मिस्टच उरलं. इथं संस्कृत खरंच कामी येते, तेवढा अभिमान बाळगा.

अभिमानी_वर्धेकर

मेघ-मेह मान्य. दावर मी अजून वाचून येतो.

ठेचा_भाकर

शुगरवाल्या मानसाले जर्मनीत शेणखत अन् इंग्लंडात धुवारी, आपल्या इथं भात बंद 😂

नाइट_शिफ्टवाली

इकडे काही हातातून पडलं की लोक पटकन 'मिस्ट!' म्हणतात, शिवी म्हणून, पण सौम्य, म्हाताऱ्या आज्यापण म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं 🙈

पवनचक्की_टेक्निशियन · चिखली, मधात डेन्मार्कले होतो

मी काही भाषेतला मानूस नाई पण ट्रेनिंगले डेन्मार्कात राह्यलो, तिकडचे दोन शब्द सांगतो, गिफ्टहून बारके.

एक 'एर'. आमच्या ग्रुपमधी जर्मन होते, डच होते, एक स्वीडिश होता. जर्मन एर म्हणे ते 'तो', मानूस. डॅनिश एर म्हंजे 'आहे', मी आहे तू आहे ते आहे सगळ्याले एकच एर, आपल्यासारखं आहो-आहेस काही नाई, मले हे लय आवडलं. डच लोकाइचं एर म्हंजे 'तिथं' असं काहीतरी, वाक्यात कुठंपण घुसते. अन् स्वीडिशवाल्याचं एर म्हंजे 'तुम्हाले'. चार मानसं एकाच टेबलावर, दीड अक्षर, अन् चारही अर्थ वेगळे. सुरुवातीले जेवताना माहं डोकं फिरे.

दुसरा 'बी', वाय लावून लिहिते, ओठ गोल करून म्हणा लागते. डेन्मार्क अन् नॉर्वेत बी म्हंजे शहर. तिथून पूल ओलांडून स्वीडनले गेलो तर तोच बी म्हंजे खेडं. आमचा स्वीडिश म्हणे मी 'बी'तून आलो, मी समजलो शहरातला हाय, पाहतो तर त्याच्या गावात आमच्या वाडीहून कमी घरं.

वेलांटी_मास्तर

वा. तुमचे एर चारही वेगवेगळ्या घरचे आहेत, ते झिजत झिजत एका आवाजावर येऊन पोचले, तिथं गिफ्टसारखी गोष्ट शोधायला जाऊ नका. पण बी भारी आहे. त्याचा मूळ अर्थ राहण्याची जागा, वस्ती. वस्ती वाढली तिथं शहर झालं, नाही वाढली तिथं खेडं राहिलं. वायकिंग तो इंग्लंडला घेऊन गेले म्हणून तिकडे डर्बी, ग्रिम्सबी, व्हिटबी अशी गावं आहेत, आपल्या पूर आणि गाव सारखी. डेन्मार्कात खेड्याला मग 'लँड्सबी' म्हणावं लागते. आणि धातू पाहिला तर आपला भू, भूमीतला. जर्मन शेतकऱ्याला 'बाउअर' म्हणतात तोही त्याच कुळातला.

आणि ही बी तुमच्या प्रत्येकाच्या गावात बसलेली आहे. सेवा सहकारी सोसायटीचे 'बायलॉज' असतात ना, आपण उपविधी म्हणतो, त्यातला बाय मुळात हाच, गावाचा कायदा. नंतर इंग्रजांना वाटलं की हा त्यांचा नेहमीचा 'बाय', म्हणजे बाजूचा, जवळचा, आहे, म्हणून उपनियम असा अर्थ चिकटला.

वावरातला_वाचक

मास्तर, भाचीले पूर्ण धागा पाठवला. ते मने मामा, परीक्षेत ह्यातलं काहीच येत नाई पण वाचून झोप उडाली. मिटगिफ्टवर तर तिनं मायले गाठलं अन् म्हणे, पाय, जर्मनलोकाइलेपण समजते.

बीबियाणे_खते_औषधे

बायलॉजचा विषय निघालाच हाय तर कोणी सांगन का, आमच्या सोसायटीत उपविधी बदलायचे हाय अन् अध्यक्ष आमसभाच लावून नाई राहिला, त्याले अर्ज कसा द्या लागते?

ठेचा_भाकर

त्याले काहीतरी द्या 😂

वेलांटी_मास्तर

भाऊ तो नवा धागा काढा, सहकार विभागात. आणि ठेचाभाऊचं ऐकू नका.